लाजेनें व्यसन सुटतें काय ?

घरांतील कोणी अफू, गांजा, गर्द अशा एखाद्या द्रव्याच्या आहारीं गेला आहे असें उघडकीस येतें, तेव्हां बहुतेक घरीं पहिला उपाय एकच योजिला जातो. त्यास लाज वाटेल असें बोलावयाचें. आईनें रडावें, वडिलांनीं घराण्याचें नांव काढावें, मामांनीं थोरल्या भावाचा दाखला द्यावा, आणि शेवटीं धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेववून त्याजकडून शपथ घेववावी, हा क्रम आपल्याकडे इतका रुळलेला आहे कीं, त्यांत कांहीं चुकत असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. ह्यामागील समजूत अशी कीं, व्यसनी मनुष्यास आपल्या कृत्याची पुरेशी लाज वाटत नाहीं म्हणूनच तो व्यसन सोडीत नाहीं. ती वाटूं लागली म्हणजे तो आपोआप ताळ्यावर येईल. आमच्या मतें ही समजूत मुळांतच खोटी आहे, आणि ती ज्या घरांत धरली जाते त्या घरांत रोग बरा होण्याऐवजीं बळावतो.

इंग्रजीच्या वर्गांत पुष्कळांनीं वाचलेल्या ‘दि राइम ऑफ दि एन्शन्ट मॅरिनर’ ह्या काव्याचा कर्ता सॅम्युअल टेलर कोलरिज ह्याचें चरित्र ह्या बाबतींत फार बोलकें आहे. १७७२ सालीं डेव्हन परगण्यांतील एका धर्मोपदेशकाच्या घरीं तो जन्मला; बाप लवकर वारला व मुलास लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल ह्या शाळेंत ठेवण्यांत आलें. संधिवाताचें दुखणें त्याच्या मागें लहानपणापासून लागलें होतें. त्या काळीं अशा दुखण्यावर लॉडनम, म्हणजे मद्यार्कांत विरघळविलेली अफू, हें औषध इंग्लंडांत दुकानोदुकानीं कोणाच्याहि चिठ्ठीवांचून मिळत असे. दाढ दुखली तरी तें, खोकला आला तरी तें, आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलासहि तेंच. (ह्याबद्दल इंग्रजांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या कित्येक माता मुलांस अफूची बाळगोळी देऊनच पाळण्यांत निजवीत असत.) १८०१ च्या सुमारास केझिक येथील ओलसर हवेंत राहत असतां हें औषध कोलरिजच्या अंगीं कायमचें जडलें. दुखण्यासाठीं घेतलेलें औषध, आतां तें न घेतल्यानें जें दुखणें उद्भवे त्यासाठीं घ्यावें लागूं लागलें.

ह्या मनुष्यास लाज नव्हती काय ? १८१४ सालीं ब्रिस्टल येथील त्याचा जुना मित्र व प्रकाशक जोसेफ कॉटल ह्यानें त्यास एक कानउघाडणीचें पत्र लिहिलें. त्यावर कोलरिजनें पाठविलेलें उत्तर वाचून अंगावर कांटा उभा राहतो. आपण देवाचे व माणसांचे अपराधी आहों ही जाणीव दहा वर्षें आपणांस जाळीत आहे, असें त्यांत तो सांगतो. ‘ऊठ, मन घट्ट कर’ असा उपदेश मला करणें म्हणजे दोन्ही हात लुळे पडलेल्या मनुष्यास ते एकमेकांवर चोळून बरा हो असें सांगण्यासारखें आहे, हा त्याचा दृष्टान्त तर प्रसिद्धच आहे. मला वेड्यांच्या एखाद्या खाजगी इस्पितळांत ठेवा, अशी त्याचीच मागणी होती. त्याच वर्षीं दुसऱ्या एका मित्रास त्यानें कळविलें कीं, माझ्या मरणानंतर माझी ही दुर्दशा जगास उघडपणें सांगावी, म्हणजे निदान दुसऱ्या कोणास तरी तिचा उपयोग होईल. ज्याला स्वतःची इतकी घृणा वाटत होती, त्याची अफू सुटावयास पाहिजे होती. ती सुटली नाहीं. पाळतीवर ठेवलेल्या माणसास चुकवून तो ती मिळवीतच राहिला.

असें कां व्हावें हें समजण्यास मोठी विद्वत्ता नको. अफूची, किंवा तिजपासूनच होणाऱ्या गर्दाची, अथवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची शरीरास संवय जडली म्हणजे तें न मिळतांच नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, हाडें ठणकतात, जुलाब होतात, रात्रींमागून रात्री झोंप येत नाहीं. ही झाली शरीराची बाजू. पण ह्या द्रव्यांचा दुसरा एक गुण आहे व तोच अधिक घातक. तीं अंगाच्या वेदनेबरोबर मनाची वेदनाहि कांहीं तास बोथट करितात. मग ज्यास आपण नालायक आहों, आईबापांच्या तोंडास काळें फासणारे आहों, असें दिवसभर ऐकावें लागतें व जो तें मनोमन खरें मानतो, तो त्या वेदनेवर कोणतें औषध घेईल ? जें त्याच्या ओळखीचें आहे तेंच. सायंकाळीं घेतलें, सकाळीं लाज वाटली. लाज असह्य झाली, म्हणून दुपारीं पुन्हां घेतलें. शपथेचेंहि तसेंच. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ चौथ्या दिवशीं मोडली म्हणजे त्याच्या माथीं पूर्वींच्या अपराधांत आणखी एका अपराधाची भर पडते, आणि त्यानंतर तो घरीं खरें बोलत नाहीं, एवढेंच त्या शपथेचें फळ.

कोलरिजचें तें काव्य १७९८ मधलें, म्हणजे त्याची अफू हाताबाहेर जाण्यापूर्वींचें आहे. म्हणून त्यास आत्मचरित्र म्हणणें बरोबर होणार नाहीं. तथापि तें शिकवितांना एक गोष्ट दर वेळीं मनांत येते. खलाशी अल्बाट्रॉस पक्ष्यास विनाकारण मारतो, आणि त्याचे सोबती तो मेलेला पक्षी त्याच्याच गळ्यांत अडकवितात. अपराध त्याचा खरा. पण तो गळ्यांत बांधण्याचें काम इतरांनीं केलें हें विसरतां कामा नये. पुढें तो खलाशी प्रार्थना करूं पाहतो, ती त्याच्या मुखांतून निघत नाहीं. स्वतःचा धिक्कार करून तो पक्षी गळून पडत नाहीं. समुद्रांतील सापांचें सौंदर्य पाहून नकळत त्याच्या मनांत प्रेम उचंबळतें, त्याचें लक्ष स्वतःवरून क्षणभर दुसरीकडे जातें, आणि तेव्हांच तें ओझें समुद्रांत पडतें.

स्वतः कोलरिजच्या बाबतींत असा दिवस १८१६ च्या एप्रिलमध्यें उजाडला. लंडनजवळील हायगेट येथें जेम्स गिलमन नांवाचा एक शस्त्रवैद्य राहत असे. एका डॉक्टरानें कोलरिजची शिफारस त्याजकडे केली. तेथें जाण्यापूर्वीं कोलरिजनें गिलमनला जें पत्र लिहिलें तें आमच्या मतें त्याच्या साऱ्या पश्चात्तापाच्या पत्रांहून मोलाचें आहे, कारण त्यांत रडणें कमी व माहिती अधिक आहे. तोंडानें मी खोटें बोलणार नाहीं, परंतु ह्या विषासाठीं कृतीनें फसवणूक करणार नाहीं असें वचन माझ्यानें देववत नाहीं. यास्तव पहिला आठवडा मला एकट्यास घराबाहेर सोडूं नये, असें तो स्पष्ट कळवितो. गिलमननें त्यास घरांत घेतलें. महिनाभराचा पाहुणा अठरा वर्षें राहिला, व १८३४ सालीं त्याच घरीं वारला. औषधाची मात्रा गिलमनच्या देखरेखीखालीं असे. अफू पूर्णपणें सुटली असें मात्र नव्हे. गांवांतल्या औषधाच्या दुकानांतून तो चोरून आणखी आणी, हेंहि आतां सर्वांस ठाऊक आहे. तरीहि त्या घरांत ‘बायोग्राफिया लिटरॅरिया’ १८१७ मध्यें व ‘एड्स टु रिफ्लेक्शन’ १८२५ मध्यें प्रसिद्ध झालीं, आणि गुरुवारीं सायंकाळीं त्याचें बोलणें ऐकण्यास तरुण मंडळी तेथें जमूं लागली. गिलमन पतिपत्नींनीं त्यास निर्दोष ठरविलें नाहीं. त्याच्यावर डोळे मिटून विश्वासहि टाकला नाहीं. जेवणाच्या टेबलावरची त्याची जागा मात्र त्यांनीं कधीं काढून घेतली नाहीं.

ह्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, व्यसन हा रोग आहे, रोग्यास दोष कसला, तेव्हां अपराधाची भाषाच सोडून द्यावी. हल्ली असें बोलण्याचा प्रघात पडत चालला आहे. रोग आहे हें आम्हांस मान्य आहे. पण कोलरिजची बायको केझिकला मुलें घेऊन मेहुणा सदी ह्याच्या आधारानें दिवस काढीत होती, त्याची मुलगी सेरा हिला दहा वर्षें बाप दृष्टीस पडला नव्हता, हेंहि तितकेंच खरें आहे. ज्यानें आईच्या पाटल्या विकल्या त्यास ‘तुझा कांहीं दोष नाहीं’ असें म्हणणें हाहि एक प्रकारचा अपमानच. जणुं तो मनुष्य नसून घरांतील लांकूडसामान आहे. ‘मीं अमुक केलें’ हें वाक्य मनुष्यास सुधारण्याची वाट दाखवितें, कारण केलेलें कृत्य मोजतां येतें, त्याची भरपाई थोडी थोडी करितां येते. ‘मी अमुक प्रकारचाच आहें’ ह्या वाक्यापुढें कोणतीच वाट नाहीं. अमेरिकेंत १९३५ सालीं दारूड्यांनीं दारूड्यांसाठीं काढलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या मंडळानें हा फरक नेमका ओळखला. १९३९ मध्यें छापलेल्या त्यांच्या बारा पायऱ्यांत आपल्या दोषांची यादी करणें, ते दुसऱ्या एका मनुष्यास सांगणें, कोणाकोणाचें नुकसान केलें तें लिहून काढणें व दुसऱ्यास अधिक इजा न होईल अशा रीतीनें तें भरून देणें, अशीं कामें सांगितलीं आहेत. स्वतःस दूषणें देत बसणें ही पायरी त्यांत कोठेंच नाहीं.

आपल्या पुण्यांत १९८६ पासून डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें उभें केलेलें मुक्तांगण चालत आहे, तेव्हां वैद्य कोठें शोधावा असा प्रश्न महाराष्ट्रांतील पालकांपुढें आज नाहीं. कायद्यानेंहि दार उघडें ठेविलें आहे. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांतील ६४-अ ह्या कलमान्वयें, अल्प प्रमाणांतील द्रव्याबद्दल आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. सरकार जें दार उघडतें तें घरानें लावून घ्यावें हें चमत्कारिक होय. पण लागतें खरें. शेजाऱ्यांस ‘मुलगा गांवीं गेला आहे’ असें सांगून त्यास माडीवर कोंडून ठेवणारीं सुशिक्षित घरें आम्हांस ठाऊक आहेत. तेथें मुलाच्या प्रकृतीहून नांवाची काळजी अधिक, आणि मुलाला तें बरोबर कळतें.

पालक आम्हांस विचारतात कीं, उपचार झाले, चार महिने बरे गेले, आणि पुन्हां घेतली तर काय करावें ? पुन्हां घेतली जाणें हें ह्या रोगांत नेहमींचें आहे, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. त्या दिवशीं जुनी वही उघडूं नये. किती घेतली, केव्हां घेतली, एवढेंच विचारावें. खरें सांगितल्याबद्दल शिक्षा नाहीं हें त्यास आधींच ठाऊक असलें पाहिजे. ही माहिती केवळ चौकशीपुरती नव्हे. कांहीं काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ति उतरलेली असते, व पूर्वीं जी मात्रा पचत असे तीच अफूच्या जातीच्या द्रव्यांत श्वास बंद पाडून जीव घेऊं शकते. जो मुलगा तोंड दाखविण्याच्या लाजेनें खोलीचें दार आंतून लावून घेतो, त्याच्या बाबतींत हें सकाळपर्यंत कोणास कळत नाहीं. म्हणून दार उघडें असावें, श्वास मंद वाटल्यास त्याच क्षणीं रुग्णालयांत न्यावें, आणि दुसरे दिवशीं त्याचें घरांतील नेहमींचें काम, मग तें दूध आणण्याचें असो कीं धाकट्याचें गणित घेण्याचें, त्याजकडेच ठेवावें.