सरासरी सांगते, कमाल लपते

दरवर्षी २६ डिसेंबरला सिडनीहून होबार्टकडे शिडाच्या नौका निघतात. १९४५ पासूनची ही शर्यत ६२८ सागरी मैलांची. वाटेतली बास सामुद्रधुनी उथळ, साधारण ६० मीटर खोल. म्हणून वादळात तिथल्या लाटा आखूड आणि उभ्या होतात.

१९९८ च्या शर्यतीत सहा जणांचा जीव गेला. वादळाचा इशारा मिळाला होता. पण अंदाजातला वारा सरासरी असतो, झोत ४० टक्के जोरदार आणि एखादी लाट दुप्पट उंच असू शकते, हे अनेकांना ठाऊक नव्हतं. आता ऑस्ट्रेलियाच्या सागरी अंदाजात ही सूचना स्पष्ट असते.

माझ्या मते, नुसता आकडा देऊन शास्त्रज्ञाची जबाबदारी संपत नाही. आणि तुम्हीही कुठलाही अंदाज वाचताना विचारा: ही सरासरी आहे की कमाल?