दाबोळीची धावपट्टी फुटली, जात फुटली नाही

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर नतमस्तक होऊन आम्ही परततो. तेरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, आमच्याच परळ-नायगावच्या ग्रुपवर लढाऊ विमानांची चित्रे फिरू लागतात. ‘छत्तीस तासांत गोवा मुक्त!’ अभिमानाला आमची हरकत नाही. हरकत आहे अर्ध्या इतिहासाला.

१९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली आणि भारताने गोव्याची नाकेबंदी आवळत नेली. बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायला सालाझारच्या हुकूमशाहीला आकाशमार्ग हवा होता. म्हणून दाबोळी. १५ ऑगस्ट १९५५ला याच राजवटीने निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसहून अधिक माणसे मारली. तिच्यासाठी आमच्या डोळ्यांत पाणी नाही.

१८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बाँब टाकले. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे रेडिओ केंद्र फोडले. याच बेळगावात १९४१ साली, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर, महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. पुढे तळ नौदलाकडे गेला. आज तिथे आयएनएस हंसा आहे.

पोस्ट इथे संपते. आमचा प्रश्न इथे सुरू होतो. धावपट्टी फुटली, राज्य गेले, पण जातीचे काय झाले?

काही जण म्हणतील, देशाच्या विजयात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती तिथे होतीच. पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षांत धर्म बदलवले, तरी चर्चमध्ये बामण, चार्डो, सुदीर शिल्लक राहिले. भारताने ३६ तासांत झेंडा बदलला. पण गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. मुक्तीनंतर ४२ वर्षांनी! लोकसंख्येत सुमारे १० टक्के असूनही २०२२च्या निवडणुकीत विधानसभेच्या ४० जागांपैकी एकही त्यांच्यासाठी राखीव नव्हती. अनुसूचित जातींसाठी एकच, पेडणे. त्याच पेडणे तालुक्यात मोपाचा नवा विमानतळ झाला आणि पठारावरच्या धनगर कुटुंबांना जागा सोडावी लागली. विमानतळ जुना असो वा नवा, जमिनीवरचा माणूस हिशेबात शेवटीच येतो.

राजकीय समता आली तरी सामाजिक विषमता राहिली तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत दिला होता. गोवा हा त्या इशाऱ्याचा जिवंत पुरावा आहे. आणि धम्म स्वीकारलेल्या आपल्यालाही तो लागू आहे. नुसता धर्म बदलून जात जात नाही, हे गोव्याच्या चर्चने दाखवले आहे. आपल्या घरात सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते की नाही, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

म्हणून तरुण मित्रांनो, येत्या १९ डिसेंबरला विमानाचे चित्र जरूर टाका. पण त्याखाली २००३ हे साल लिहा, आणि ते का लिहिले हे विचारणाऱ्याला समजावून सांगा. सैनिकाच्या शौर्याचा मान राखायचा असेल, तर ज्या माणसांसाठी तो लढला त्यांच्या हक्काचे बोलावेच लागेल.

जय भीम!