कळलावी : फूल पूजेला, कंद मातीतच

भाद्रपद लागला की कोकणातल्या कुंपणांवर आणि रानाच्या कडेला कळलावी फुलते. वर वळलेल्या सहा नागमोडी पाकळ्या, तळाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. अग्निशिखा हे नाव शोभावे असेच रूप. काही गावांत या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि ती गौरीच्या पूजेत मानाने बसतात. फुलाचे कौतुक जरूर करावे. चिंता आहे ती जमिनीखालच्या कंदाची.

हा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात हिचे नाव लांगली. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तो वापरला जाई, त्यावरून 'कळलावी' हे नाव पडल्याचे सांगतात. गर्भपात, सांधेदुखी, सर्पदंश, कातडीचे विकार अशा अनेक तक्रारींवर खेडोपाडी हा कंद आजही सुचवला जातो. 'झाडपाल्याचे औषध, अपाय काय होणार?' हा त्यामागचा भरवसा. कळलावीच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो.

या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे द्रव्य असते. गाऊट म्हणजे वातरक्तावर डॉक्टर ते देतात, पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फारच थोडे अंतर आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा काही प्रतिजैविके चालू असतील तर ते आणखी कमी होते. कंदात हे द्रव्य किती, हे जागा, हंगाम आणि वयानुसार बदलते. मग चमच्याने किंवा चिमटीने त्याचे माप कसे लावणार?

विषबाधेची सुरुवात उलट्या आणि जुलाबांनी होते. त्या थांबल्या की घरच्यांना हायसे वाटते. पण पेशींचे विभाजन रोखणारे हे विष पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि अस्थिमज्जेवर घाला घालते. त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. श्रीलंकेत रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. म्हणून कोणी चुकून खाल्लाच, तर उतार पडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि वनस्पतीचा तुकडा सोबत न्यावा. आपल्याकडे हिला बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातली वेगळीच विषारी वनस्पती आहे. नावाच्या या गोंधळात डॉक्टरांना तो तुकडाच उपयोगी पडेल.

आयुर्वेदानेही लांगलीला उपविषांत घातले आहे आणि शोधन केल्याशिवाय वापरू नये असे बजावले आहे. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही ती आहे. म्हणजे परंपरा आणि कायदा दोघेही सावध आहेत. बेसावध आहे ती ऐकीव माहिती.

मग हे झाड उपटून टाकायचे का? मुळीच नाही. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे आणि तिथे दिंडिगुल, करूर परिसरात त्याची शेती होते. वेल मांडवावर चढवतात. स्त्रीकेसर पुंकेसरांपासून बाजूला वळलेला असल्याने फळ धरायला अनेक शेतकरी हाताने परागण करतात. वाळलेल्या बोंडांतले बी औषध कंपन्यांसाठी विकले जाते. बियांत कोल्चिसिन कंदापेक्षा जास्त असते आणि बी काढले तरी जमिनीतला कंद जिवंत राहतो. कंद खणला की मात्र वेल संपते. लागवडीच्या बेण्यासाठी रानातले कंद बेसुमार खणले गेल्यानेच ती ठिकठिकाणी विरळ झाली आहे.

आपल्याकडेही ही लागवड करावीशी वाटली तर बेणे रानातून नव्हे, रोपवाटिकेतून यावे; खरेदीदार आधी ठरलेला असावा; बी हाताळताना हातमोजे असावेत आणि साठा मुलांच्या, गुरांच्या आवाक्याबाहेर असावा. आणि गावात कोणी हा कंद उगाळून द्यायला निघाले, तर भीड न बाळगता त्यांना थांबवावे. पुढच्या भाद्रपदातही कुंपणावर गौरीचे हात दिसायचे असतील, तर फूल तेवढे खुडावे आणि कंद मातीतच राहू द्यावा.