पुनर्विवाह आणि पहिल्या घरची मुले

विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, असे सांगणारी मंडळी पुनर्विवाहापूर्वी मालमत्तेचा विषय निघताच नाक मुरडतात. स्त्रीधनावर स्त्रीचा अधिकार सांगणारी मिताक्षरा काही पाश्चात्त्यांनी लिहिलेली नाही!

हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील कलम १५ पाहावे. पुनर्विवाहित विधवेचे मृत्युपत्राविना निधन झाले, तर पहिल्या पतीकडून वारसाने आलेल्या घरातही तिच्या मुलांच्या बरोबरीने दुसऱ्या पतीला वाटा मिळतो. घर पित्याच्या घामाचे आणि मुलांच्या नशिबी मात्र न्यायालयाची पायरी! यात कोणता संस्कार जपला जातो?

गोव्यात विवाहापूर्वी रीतसर दस्त करून मालमत्ता विभक्त ठेवता येते. त्यामुळे तेथील हिंदूंचे विवाह कमी पवित्र ठरलेले नाहीत. हिंदू विवाह कायद्यात मात्र अशा कराराला स्थान नाही. तरीही मृत्युपत्राचा मार्ग मोकळा आहे. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नसते आणि नंतर विवाह झाला म्हणून हिंदूचे मृत्युपत्र रद्द होत नाही. पत्रिका जुळविण्यात महिना घालविणाऱ्या कुटुंबांनी बोलणीच्या बैठकीतच, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमक्ष, हा कागद वाचून दाखवावा. मुले जाणती असतील, तर त्यांनाही तेथे बसवावे.