खिचडी हजेरीपटाची की पोराची?

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या शेतात ऊस आहे, त्यांनी तोड चालू असता फडाच्या कडेला जरा पाहावे. बाप कोयता चालवितो, आई मोळ्या बांधते, आणि आठनऊ वर्षांची पोर धाकटे भावंड कडेवर घेऊन कांडे चघळीत बसलेली असते. ही पोर बीडकडची, नाही तर पाथर्डीकडची. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप मुकादमाची उचल घेऊन निघाले, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत जावयाचे.

गावच्या शाळेत तिचे नाव आहे, पण ती हजर नाही. म्हणून तिच्या वाट्याचा तांदूळ तेथे शिजत नाही. फडाजवळच्या शाळेत तांदूळ शिजतो, पण तेथे तिचे नाव नाही. कोठे एखादा भला तरुण संध्याकाळी कोप्यांतली पोरे गोळा करून बाराखडी गिरवून घेतो, पण ते शिकणे सरकारच्या हिशेबी शिकणेच नव्हे!

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 5 वाचा. 6 ते 14 वर्षांच्या मुलास शाळेची सुटी खेरीज करून रोज एक जेवण मोफत, असे त्यात आहे. वा! पण पुढचेच शब्द असे की, ते जेवण सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत. म्हणजे हक्क दिला पोराला आणि किल्ली ठेवली हजेरीपटात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, ही काय ती सारी दौलत. तीही पालापर्यंत पोचत नाही.

शाळेबाहेर ताट नेता येत नाही, असे कोणी साहेब म्हणतील तर ते खोटे आहे. 2002 साली हीच योजना शिक्षण हमी योजनेच्या व पर्यायी शिक्षणाच्या केंद्रांतील मुलांना लागू केली होती. 2020 साली महामारीने शाळांना कुलपे लागली, तेव्हा तांदूळ व डाळ मुलांच्या घरी गेलीच की नाही? आणि 2022 पासून तर बापाच्या अंगठ्यावर देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात धान्य मिळण्याची सोय आहे. बापाचा तांदूळ जिल्हा ओलांडतो. पोरीची खिचडी मात्र वेशीवर अडते. हा कोठला न्याय?

दुसरी सबब अशी की, तळावर जेवण दिले तर शाळेत कोण येईल! असे म्हणणाऱ्याने एक दिवस ते तान्हे कडेवर घेऊन पाहावे. आई पहाटे अंधारात फडात जाते म्हणून पोर शाळेत जात नाही. शाळा जवळ असेल तेथे पोरांना अवश्य बसवा. आम्हीही तेच म्हणतो. पण तोवर त्यांनी उपाशी का राहावे?

आता थोडे आपल्या घरातले बोलू, कोणास राग आला तरी. कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आज परके कोणी नाही. आपलेच शेतकरी, आपलेच सगेसोयरे आहेत. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच मुलखातल्या उसाच्या जिवावर कित्येकांच्या माड्या उभ्या राहिल्या. गाडीतला ऊस काट्यावर किलोपर्यंत मोजला जातो. त्याच गाडीच्या मागे चालणारी पोरे किती, हे कोणी मोजले आहे काय?

मागणे फार मोठे नाही. कारखान्याने गाळप सुरू होताच तळावरची पोरे मोजून यादी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावी. जवळच्या शाळेच्या चुलीवर तितके तांदूळ जास्त शिजवून डबा तळावर पाठवावा, आणि तेवढ्या धान्याची परवानगी सरकारने द्यावी. तेही होत नसेल तर कलम 8 प्रमाणे भत्ता द्यावा आणि शाळा नाही ही सबब सांगू नये.

सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. सभासद बंधूंनो, उसाचा भाव विचारून झाला की खाली बसू नका. आपल्या तळावर पोरे किती आणि दुपारी ती काय खातात, हे अध्यक्षांना तेथेच उभे राहून विचारा, आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्या.