'छावा' मराठीत का नाही?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. विषय छत्रपती संभाजी महाराजांचा, आधार शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीचा, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी. चित्रपट मात्र हिंदी. तीन आठवड्यांनी, ७ मार्चला, तो तेलुगूत आला. चित्रपटगृहांत मराठीत तो आलाच नाही. ज्या भाषेतून कथा घेतली, त्याच भाषेला तिची आवृत्ती नाकारली गेली आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवून ते मान्य केले.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला बाजाराचा. तो टिकत नाही, कारण २०२० साली 'तान्हाजी' हिंदीबरोबर मराठीतही प्रदर्शित झाला होता. ध्वनिमुद्रणाचा खर्च तेलुगूसाठी परवडतो आणि मराठीसाठी परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने हिशेब मांडून दाखवावा.

दुसरा युक्तिवाद असा की, हिंदी तर सर्वांनाच कळते. नेमावरला नर्मदाकाठी राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हिंदी कळते की नाही, हे कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. बाजार हिंदीत, शाळा हिंदीत, माझी वकिली हिंदीत. हिंदीशी आमचे भांडण नाही. प्रश्न आकलनाचा नसून सत्याचा आहे. कवी कलशाचेच उदाहरण घ्या. हा उत्तरेकडचा, कनोजचा ब्राह्मण. रायगडावर तो अनेकांना परका वाटे, आणि त्याच्यावरील रोषाचे ते एक कारण होते. संभाजी महाराजांनी 'बुधभूषण' संस्कृतात रचले, व्रजभाषेतही काव्य केले. म्हणजे भाषांच्या सीमा ओलांडणारी ही मैत्री होती. चित्रपटात मात्र राजा, सरदार, राणी आणि कलश हे सारे एकच हिंदी बोलतात. परकेपणा कानाला जाणवतच नाही, आणि त्या मैत्रीचे मोलही कळत नाही. भाषा पुसली की इतिहासाचा अर्थही पुसला जातो, तो असा.

दूरचित्रवाणीवर वेगळे काही घडत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सोनी वाहिनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही हिंदी मालिका सुरू झाली. आमचे नेमावर इंदूर संस्थानात होते. अहिल्याबाई आम्हांला घरच्या. चौंडीत जन्मलेल्या आणि महेश्वराहून राज्य करणाऱ्या या बाईंच्या दरबाराचा पत्रव्यवहार मोडी लिपीत, मराठीत चाले. मालिकेत त्या मराठीचे उरले काय? नात्याची संबोधने, नऊवारी, नथ आणि 'होळकर'मधला 'ळ' गिळून केलेले 'होलकर'. वरणावर कोथिंबीर भुरभुरावी तशी ही मराठी. ती शोभेला असते. तिच्यात कोणी विचार करीत नाही, न्याय देत नाही, रडतही नाही. पुढच्या पिढीची समजूत मग अशी होते की, राज्य हिंदीत चालते आणि मराठी फक्त आईला हाक मारण्यापुरती असते.

याहून वेगळे करता येते, याचा पुरावा चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने दिला आहे. त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी ज्याची त्याच्या तोंडी आहे. खटला कोणत्या भाषेत चालतो आणि आरोपी कोणत्या भाषेत जगतो, यांतील अंतर तेथे दिसते. न्यायालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला तर ते फारच ओळखीचे वाटते. खाली अक्षरे वाचण्याचा त्रास प्रेक्षकांनी सोसला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

निर्माते ऐकत नाहीत, ही सबबही खरी नाही. 'छावा'च्या झलकीत महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर वादळ उठले आणि काही दिवसांतच ते दृश्य काढण्याची घोषणा झाली. एका नृत्यासाठी आपण एवढे पेटलो; अडीच तासांच्या भाषेसाठी तेवढा आवाज उठला नाही. दोष केवळ मुंबईच्या निर्मात्यांना देऊन भागणार नाही.

आता कायद्याचे. संविधानाच्या अनुच्छेद २९(१) प्रमाणे आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहाला आहे. त्याच्या आधारे खाजगी निर्मात्याला मराठी आवृत्ती काढण्यास भाग पाडता येणार नाही, हे मी प्रथमच स्पष्ट करतो. परंतु शासनाकडे निश्चित बोट दाखवता येते. मध्य प्रदेश शासनाने 'छावा' करमुक्त केला. करमुक्ती म्हणजे सार्वजनिक पैसा, आणि सार्वजनिक सवलतीला अट घालता येते. मराठ्यांच्या इतिहासावरील चित्रपटाला सवलत देताना इंदूर, देवास, धार येथे मराठी आवृत्तीचे, निदान मराठी उपशीर्षकांचे काही खेळ दाखवावेत, ही अट अवाजवी कशी?

महाराष्ट्र शासनालाही विचारले पाहिजे. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ देण्याचा निर्णय त्याने २०१५ साली घेतला, तो त्याच्या सीमेपुरता. सीमेबाहेर त्याचा आदेश चालत नाही, हे खरे. पण मराठी चित्रपटांना दिले जाणारे अनुदान त्याच्याच हातात आहे. त्या अनुदानातील थोडा वाटा बेळगाव, बिदर, इंदूर, बडोदा येथील प्रदर्शनासाठी राखून ठेवण्यास कोणता कायदा आड येतो?

सीमेपलीकडील बंधुभगिनींनो, मराठ्यांच्या इतिहासावर यापुढेही चित्रपट आणि मालिका येत राहतील. प्रत्येक वेळी चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला, वाहिनीला आणि शासनाला लेखी विचारा : मराठी आवृत्ती कोठे आहे? पत्राची पोच घ्या आणि जपून ठेवा. लेखी मागणीच नसेल तर उद्या आपल्याला सांगितले जाईल की, मराठी आवृत्ती कोणी मागितलीच नव्हती. आणि कागदोपत्री ते खरेच ठरेल.