‘नुसता व्हिडिओच तर होता!’

मागे एक बाई छातीत धडधडतं म्हणून आल्या. ईसीजी व्यवस्थित, थायरॉईड व्यवस्थित, हिमोग्लोबिन उत्तम. झोपेचं विचारल्यावर सांगू लागल्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी अपघाताचा व्हिडिओ टाकला होता आणि त्यांचा मुलगा रोज बाईकने कामाला जातो. सोबतचे यजमान लगेच म्हणाले, “डॉक्टर, नुसता व्हिडिओच तर होता!”

माझं भांडण या ‘नुसता’शी आहे.

असं दृश्य समोर आलं की शरीरात काय होतं, ते बघा. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोक्याची दखल घेणं हे त्याचं एक मुख्य काम. तो सावध झाला की सिम्पथेटिक मज्जासंस्था जागी होते, तळहातांना घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. आवडीच्या चित्रांनी बाहुली मोठी होते, हे हेस आणि पोल्ट यांनी १९६० साली मांडलं. भीतीदायक चित्रांनीही होते, हे पुढे दिसलं. ‘मी मनावर घेणार नाही’ असं ठरवून बाहुली थांबवता येत नाही. शिवाय अमिग्डालाकडून मेंदूच्या दृष्टीकेंद्राकडे उलट निरोप जातो, ‘हे नीट बघ!’ त्यामुळे नजर हटत नाही. तेव्हा ‘नको होतं तर बघायचं नाही’ हे मला सांगू नका. काय आहे ते कळेपर्यंत बघून झालेलं असतं.

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या आणि दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षा जास्त आढळली. मुळात घाबरणारी माणसंच जास्त बघत असतील, ही शंका रास्त आहे. पण मग अशा माणसांच्या हातात आपण हे का देतो?

‘जनजागृतीसाठी’ हे उत्तर मला पाठ आहे. हेल्मेट घाला हे सांगायला फुटलेलं डोकं दाखवावं लागतं का? ‘घाटात अपघात झालाय, रस्ता बंद आहे’, एवढं लिहिलं की काम होतं. आणि ज्याचा अपघात झाला त्याचेही नातेवाईक कुठल्यातरी ग्रुपवर असतात, हा विचार बोट दाबण्याआधी करावा. आम्ही डॉक्टरही यात मागे नाही; ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून मीही असे फोटो पूर्वी पुढे ढकलले आहेत.

त्या बाईंना मी गोळी दिली नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून दिलं, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं. यजमानांचाही फोन मागितला, तर म्हणाले, “माझं राहू द्या.”